टेपमधला चेंडू: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मुंबई दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आणि टीव्ही-रेडिओवरची हॉकी या विषयावर वाचकांची जी पत्रं आली, त्यांत आठवणींइतकेच प्रश्नही होते. बहुतेकांकडे एखादी कॅसेट, एखादा बंद पडलेला संच किंवा एखादी न जुळणारी आठवण आहे. त्यातले सात प्रश्न इथे घेतले आहेत. व्हिडिओ मशीन दुरुस्त करणारे, ध्वनिफिती जतन करणारे आणि हॉकीच्या सामन्यांच्या नोंदी ठेवणारे अशा तिघांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न: वडिलांनी १९८०च्या दशकात टीव्हीवरचे हॉकीचे सामने व्हीएचएसवर टेप करून ठेवले होते. कपाट उघडलं, तर कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसतात. ओळखीच्या एकांकडे चालू व्हीसीआर आहे. लावून बघू का? (मडगाव)

लावू नका. ते पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. किनारपट्टीच्या दमट हवेत बंद कपाटातल्या टेपांना ती हमखास धरते. अशी टेप मशीनमध्ये गेली की बुरशीचे कण फिरत्या ड्रमवरच्या हेडवर, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागावर बसतात. चित्र जातं, पडद्यावर मुंग्या येतात आणि त्यानंतर त्या मशीनमध्ये लावलेल्या प्रत्येक चांगल्या टेपलाही त्याची लागण होते. त्याहून वाईट म्हणजे बुरशीने दोन वेढे एकमेकांना चिकटलेले असतील, तर मोटरचा झटका बसून टेप तुटते किंवा तिच्यावरचा चुंबकीय थर सोलून निघतो. तो थर म्हणजेच तुमचा सामना.

आधी टेप कोरडी करा. घट्ट झाकणाच्या डब्यात दोनशे-अडीचशे ग्रॅम सिलिका जेल घाला, त्यावर जाळी ठेवा, जाळीवर कॅसेट उभी ठेवा आणि डबा आठ-दहा दिवस बंद राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की बदला. ही पायरी टाळून लगेच पुसायला गेलात, तर ओलसर बुरशी टेपभर माखली जाते. सुकली की तिची भुकटी होते आणि ती सहज निघते. ऊन किंवा हेअर ड्रायर वापरू नका. स्टुडिओतल्या काही जुन्या ध्वनिफिती मंद आचेवर भाजून वाचवतात हे खरं आहे, पण तो उपाय वेगळ्या प्रकारच्या टेपचा आणि वेगळ्या दुखण्याचा. व्हीएचएसची कॅसेट भट्टीत ठेवलीत, तर कवच वाकेल, टेप सुरकुतेल आणि बुरशी तशीच राहील.

मग कॅसेट उलटी धरून मागचे पाच स्क्रू काढा. सुलटी करून वरचं झाकण अलगद उचला आणि दुसरं काहीही करण्याआधी टेप कोणत्या खांबावरून, कोणत्या रोलरवरून गेली आहे त्याचा फोटो काढा. परत बसवताना बहुतेक चुका इथेच होतात. दोन्ही रिळं उचलून चांगल्या स्थितीतल्या दुसऱ्या रिकाम्या कॅसेटच्या कवचात बसवा. जुन्या कवचाच्या कोपऱ्यांत आणि फेल्टवर बुरशी उरतेच, म्हणून ते टाकूनच द्या.

पुसण्यासाठी धागे न सुटणारं मऊ कापड दुमडून त्याच्या दोन पदरांमधून टेप हळूहळू ओढत दुसऱ्या रिळावर गुंडाळायची. दर दोन-तीन मीटरला कापडाची नवी बाजू घ्यायची. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर टेप असते, तेव्हा हे दोन-तीन संध्याकाळींचं काम आहे हे धरूनच बसा. हट्टी डाग पाठीच्या बाजूला असेल, तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड जेमतेम ओलं करा. चुंबकीय बाजूवर मात्र कोरडंच कापड बरं. हे सगळं गच्चीत किंवा उघड्या व्हरांड्यात करा, एन-९५ मुखपट्टी लावा आणि ज्यांना दमा आहे त्यांनी या कामाच्या जवळपासही फिरकू नये. बुरशीच्या टेपा चांगल्या टेपांपासून त्याच दिवशी वेगळ्या करा.

पुसून झालेली टेप ज्या मशीनमध्ये लावायची, त्याचं हेड प्रत्येक कॅसेटनंतर साफ करायचं. त्यासाठी मऊ शामॉय चामड्याची पट्टी घ्या. कानातल्या कापसाच्या काड्या नकोत, कारण कापसाचा धागा हेडच्या टोकात अडकून ते टोक तुटतं. पट्टी अल्कोहोलने भिजवा, ड्रमला टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून फिरवा. पट्टी वर-खाली कधीही घासू नका. व्हीसीआर दुरुस्त करून घ्यायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी नेमकी हीच चूक केलेली असते.

प्रश्न: व्हीएचएसवरचा सामना संगणकावर घेतला. टीव्हीवर बरा दिसत होता. संगणकावर चित्राचा वरचा भाग वाकतो, आवाज मागे पडतो आणि खेळाडू पळताना त्यांच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात. काय चुकलं? (सांगली)

तीन वेगळी दुखणी आहेत. वरचा भाग वाकतो, कारण जुन्या टेपच्या ताणात फरक पडलेला असतो आणि प्रत्येक ओळ अगदी वेळेवर सुरू होत नाही. काचेच्या नळीचे टीव्ही ही चूक सांभाळून घ्यायचे. संगणकाला जोडायची यूएसबीची काडी मात्र गोंधळते आणि मधल्या फ्रेम टाकून देते. फ्रेम गळाल्या की चित्र आखूड होतं, आवाज तेवढाच राहतो, म्हणून तो मागे पडतो. उपाय एकच: व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये ओळींची वेळ सुधारणारं उपकरण, म्हणजे टाइम बेस करेक्टर. काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) मशीनमध्ये ते आतच असतं. तसं मशीन मिळत नसेल तर काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर नुसते मध्ये जोडले, रेकॉर्डिंग न करता, तरी हे काम बऱ्यापैकी करतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी केली तर जुनी मशीन अजून हाती लागू शकतात. घेताना आपली एक टेप सोबत न्या, ती पाच मिनिटं चालवून पाहा आणि पुढे-मागे पळवून पाहा. टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर चकचकीत झाला असेल तर तो टेप खाणार हे नक्की.

कंगव्याचे दात ही चूकच नाही. आपली पाल पद्धत सेकंदाला २५ फ्रेम दाखवते, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची असते आणि ती दोन फील्ड एक-पन्नासांश सेकंदाच्या अंतराने टिपलेली असतात. टेप उतरवताना ७२० × ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (दोन्ही फील्ड जशीच्या तशी) अशीच उतरवा आणि माहिती न गाळणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे साठवणीच्या पद्धतीत ठेवा. तासाला साधारण ३५ जीबी लागतात. जागा नसेल तर डीव्ही नावाची थोडी दाबून साठवणारी पद्धत चालेल, ते तासाला १३ जीबी घेतं. ही मूळ प्रत. तिला पुन्हा हात लावायचा नाही, आणि ती दोन वेगळ्या डिस्कवर हवी.

बघायची प्रत वेगळी बनवा. त्यात दात काढताना सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. बहुतेक दुकानदार २५ ठेवतात, म्हणजे निम्मी हालचाल कायमची गेली. बातम्यांना ते चालून जाईल. हॉकीत नाही चालत, का ते पुढच्या उत्तरात येतंच आहे.

चित्राच्या तळाशी किंवा मध्ये खरखरीचा आडवा पट्टा दिसला, तर तो टेपचा दोष समजू नका. आधी व्हीसीआरवरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवून पाहा. टेप ज्या मशीनवर भरली तेच मशीन घरात असेल, तर भंगारात देऊ नका. त्याची जुळणी थोडी हललेली असली तरी त्या टेपा त्याच हललेल्या जुळणीत भरलेल्या आहेत, आणि पुष्कळदा त्याच मशीनवर त्या सर्वांत स्वच्छ दिसतात.

प्रश्न: जुनी हॉकी बघताना चेंडू दिसतच नाही. तेव्हा आम्ही मन लावून सामने बघायचो, मग तेव्हा दिसत होता का? चित्र सुधारणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरने तो परत आणता येईल का? (कोल्हापूर)

हा प्रश्न वाचून आम्हाला फार आनंद झाला, कारण जुन्या हॉकी-प्रक्षेपणाचं सगळं मर्म यात आहे.

आकडे बघू. हॉकीच्या चेंडूचा व्यास सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास. मैदान ९१.४ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. मधल्या रेषेच्या वर बसवलेला मुख्य कॅमेरा एका वेळी साधारण ४५ मीटरचा पट्टा दाखवतो असं धरा. पडद्याच्या रुंदीत ७२० बिंदू मानले, तर एका बिंदूत सव्वासहा सेंटिमीटर मैदान मावतं. म्हणजे मूळ प्रक्षेपणात चेंडू जेमतेम एका बिंदूएवढा होता. आता व्हीएचएस. त्यावर रुंदीत सुमारे ३२० एवढेच वेगळे बिंदू टिकतात. एक बिंदू झाला १४ सेंटिमीटरचा आणि चेंडू त्याच्या निम्मा. तो ठिपका म्हणून उरत नाही. मैदानाच्या रंगात किंचित उजळ डाग म्हणून उरतो.

उभ्या दिशेलाही तेच. चेंडूची उंची पडद्यावर एका ओळीपेक्षा थोडीच जास्त, आणि एका फील्डमध्ये ओळी एकाआड एक. त्यामुळे चेंडू कधी या फील्डमध्ये सापडतो, कधी त्या, आणि पडद्यावर लुकलुकतो. पंचवीस फ्रेमची प्रत करताना सॉफ्टवेअरने एक फील्ड फेकून दिलं, तर ज्या फील्डमध्ये चेंडू होता नेमकं तेच जाऊ शकतं.

आणि फटका बसला की काय होतं बघा. ताशी १०० किलोमीटरने निघालेला चेंडू एक-पन्नासांश सेकंदात ५६ सेंटिमीटर जातो. तेवढ्या वेळात कॅमेऱ्याची नळी प्रकाश साठवत असते. सव्वासहा सेंटिमीटरला एक या हिशेबाने तो चेंडू नऊ बिंदूंवर फासला जातो आणि त्याचा पांढरेपणा नवव्या हिश्शावर येतो. म्हणजे चेंडू नेमका फटक्याच्या क्षणीच नाहीसा होतो. पेनल्टी कॉर्नरला तर हे ठरलेलंच. गोलसमोरच्या अर्धवर्तुळातून, म्हणजे डीमधून फटका, मग काहीच नाही, मग फळीचा आवाज आणि हात वर केलेले खेळाडू.

तर तेव्हा दिसत होता का? थोडा जास्त दिसत होता, कारण थेट प्रक्षेपण व्हीएचएसपेक्षा स्वच्छ असायचं. पण बराचसा आपण तो ओळखत होतो. खेळाडूचे खांदे कुठे वळले, गोलरक्षकाने कुठला पाय टाकला, बाकीचे कुठल्या दिशेने धावले, यावरून. हॉकी खेळलेला माणूस आजही तीच टेप बघून चेंडू कुठे आहे ते सांगतो. टीव्हीवरचे समालोचकही त्या काळी चेंडूची जागा बोलून दाखवायचे ती याच कारणाने, निव्वळ रेडिओची सवय म्हणून नव्हे.

चित्र सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल आमचं मत ठाम आहे: हॉकीच्या टेपवर खरखर काढणारं कुठलंही फिल्टर चालवू नका. त्या फिल्टरचं तत्त्व असं, की एका फ्रेममध्ये आहे आणि आधीच्या-नंतरच्या फ्रेममध्ये त्या जागी नाही असा लहान पांढरा ठिपका म्हणजे कचरा. ही व्याख्या चेंडूला तंतोतंत लागू पडते. फिल्टर चेंडू पुसतं, गवत मात्र मखमलीसारखं करून देतं. चित्र मोठं करणारी नवी सॉफ्टवेअर त्याहून पुढे जातात, चेंडूच्या जागी गवत काढून देतात आणि स्टिकचं टोक भलतीकडे वळवतात.

उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी. रंगाची पातळी शून्यावर आणून सामना कृष्णधवल बघा. व्हीएचएसवर रंगाचा तपशील फारच थोडा टिकतो, रंग बाजूला ओघळतात आणि त्या ओघळात चेंडूचा उजळपणा हरवतो. आणि फील्ड सुटी करून, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, एकेक पुढे सरकवत बघा. गोलच्या आधीचे दोन सेकंद म्हणजे शंभर चित्रं. त्यातल्या तीस-चाळीसमध्ये चेंडू सापडला तर त्याचा मार्ग कागदावर आखता येतो.

प्रश्न: मुंबईतला हॉकीचा विश्वचषक आम्ही शेजाऱ्यांकडे रंगीत टीव्हीवर पाहिला, पाकिस्तानकडून सात गोल खाल्ले तोच. भाऊ म्हणतो तो वेगळा सामना. कोण बरोबर? (डोंबिवली)

भाऊ बरोबर. दोन स्पर्धा एकाच वर्षात आल्या म्हणून ही सरमिसळ फार जणांची होते. पुरुषांचा विश्वचषक मुंबईत वानखेडे स्टेडियमवर २९ डिसेंबर १९८१ ते १२ जानेवारी १९८२ या काळात झाला. अंतिम सामन्यात पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३–१ असं हरवलं आणि भारत पाचवा आला. तेव्हा घरोघरचे संच कृष्णधवल होते. दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण आणि देशभर एकत्र दिसणारा राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८२ला सुरू झाला. सात गोलांचा सामना त्यानंतरचा: दिल्लीच्या आशियाई स्पर्धेतला पुरुषांचा अंतिम सामना, १ डिसेंबर १९८२, पाकिस्तान ७, भारत १. त्याच स्पर्धेत भारताच्या महिला संघाने हॉकीचं सुवर्ण जिंकलं. त्या सात गोलांखाली ते सुवर्ण आठवणीतूनही झाकलं गेलं याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. तुमच्या कॅसेटांवर महिलांचा एखादा सामना निघाला, तर तो सगळ्यांत आधी उतरवून घ्या.

टेपवर तारीख नसेल, तर खेळाकडे बघा. ऑफसाइडची शिट्टी वाजत असेल, तर सामना १९९६च्या आधीचा, कारण त्या वर्षी ऑफसाइड प्रायोगिक तत्त्वावर काढला आणि १९९८ला कायमचा गेला. दोन सामन्यांच्या मध्ये राहिलेल्या जाहिराती, बातम्यांचा तुकडा, ‘व्यत्यय’ची पाटी, काहीही कापू नका. तारीख बहुतेक वेळा तिथेच सापडते.

रंगीत असायला हवी अशी टेप कृष्णधवल दिसते अशी तक्रार आणखी दोन पत्रांत आहे. आखातातून आणलेल्या बऱ्याच मशीनवर पाल आणि मेसीकॅम (रंग नोंदवण्याच्या दोन पद्धती) असा खटका असे. रेकॉर्डिंगच्या वेळी तो चुकीच्या बाजूला राहिला असेल, तर साध्या मशीनवर रंग येत नाही. तसाच खटका असलेलं मशीन मिळवून दोन्ही बाजूंनी लावून पाहा.

प्रश्न: घरात ‘मॉस्को फायनल’ लिहिलेली ऑडिओ कॅसेट आहे. जसदेव सिंग यांचं रेडिओवरचं समालोचन आहे, पण शेवट नाही. टेप पुसली गेली का? आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. (खडकी)

कॅसेटवर सी-६० लिहिलंय का पाहा. तेव्हा हॉकीचा सामना ३५ मिनिटांचे दोन भाग असा ७० मिनिटांचा असे. सी-६०ची एक बाजू ३० मिनिटांची. म्हणजे प्रत्येक भागातली शेवटची पाच मिनिटं बसतच नाहीत, कोणी पुसलेली नाहीत. मॉस्को ऑलिंपिकच्या, २९ जुलै १९८०च्या त्या अंतिम सामन्यात भारताने तीन गोलांची आघाडी घेतली, स्पेन अंगावर आला आणि ४–३ असं सुवर्ण आलं. अशा वेळी बाजू संपली म्हणून कोणी स्वस्थ बसत नाही. हाताला लागेल ती दुसरी कॅसेट घालतात. तेव्हा घरातल्या गाण्यांच्या, कीर्तनांच्या कॅसेटांच्या दोन्ही बाजूंची टोकं ऐका. एखाद्या गाण्याच्या मधोमध ती पाच मिनिटं निघू शकतात.

डब्यातला आवाज बहुधा हेडच्या कोनामुळे. ज्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या संचावर) भरलं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर सरळ हेडवर वरच्या पट्टीतला आवाज मरतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. त्याची आताची जागा मार्करने खुणावा आणि टेप चालू ठेवून तो अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, दोन्हीकडे फिरवून बघा. ‘स’ आणि ‘श’ जिथे सर्वांत स्पष्ट होतात तिथे थांबा. उतरवून झालं की स्क्रू खुणेवर परत आणा. त्याआधी कॅसेटमधली फेल्टची छोटी गादी जागेवर आहे ना ते बघा. तिचा गोंद सुकून ती पडलेली असते आणि मग आवाज येतो-जातो. टेप तुटलेली असेल तर कॅसेटसाठीची, ३.८१ मिलिमीटर रुंदीची जोडपट्टी वापरा. साध्या चिकटपट्टीचा गोंद पाझरून पुढचे वेढे चिकटवतो.

संगणकावर उतरवताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो एवढं पुरेसं आहे. मध्यम लहरींवर आलेल्या आवाजात त्यापेक्षा जास्त काही नसतंच.

या समालोचनाला सामन्याच्या चित्राशी जोडायची हौस पुष्कळांना आहे, आणि ती चांगली आहे. अडचण वेगाची. टेपचा वेग एक टक्का जरी चुकला, तरी ३५ मिनिटांत २१ सेकंदांची तफावत पडते, गोल आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. पाश्चात्त्य पुस्तिकांत विजेच्या ५० हर्ट्झच्या गुंजनावरून वेग दुरुस्त करायला सांगतात. आपल्याकडे त्या काळी विजेची फ्रीक्वेन्सी खालीवर होत असे, म्हणून त्यावर विसंबू नका. टेपवर आकाशवाणीची सुरुवातीची धून आली असेल, तर तिची लांबी स्वच्छ प्रतीशी ताडून पाहा. नसेल तर शिट्ट्या आणि गोलांची आरडाओरड यांवर तीन-चार ठिकाणी जुळवा. शेवटाकडे आवाज बारीक आणि घाईचा होत जात असेल, तर रेकॉर्डिंग सेलवर झालं होतं. सेल उतरत गेले, मोटर मंदावली, आणि आता नेहमीच्या वेगाने वाजवताना आवाज चढतो. तिथे एकच दुरुस्ती सबंध टेपला लावून चालत नाही, पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून जुळवावं लागतं.

माईक रेडिओसमोर धरून भरलेल्या टेपांत पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, ‘अरे हळू, हळू’ असं कुणाचं तरी दटावणं येतं. ते साफ करू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. समालोचन दुसऱ्या कुठल्या टेपवर मिळू शकेल. तुमच्या घरातला तो आवाज दुसऱ्या कुठल्याच टेपवर नाही.

प्रश्न: मुंबई दूरदर्शनचे १९७०च्या दशकातले ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’, लहानपणी पाहिलेल्या मुलाखती पूर्ण का मिळत नाहीत? (बडोदा)

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, १९७३मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागलं. त्या वर्षांत स्टुडिओतलं बरंचसं थेट जायचं, रेकॉर्ड होतच नसे. जे व्हिडिओ टेपवर भरलं जाई, ती टेप महाग होती आणि एकाच टेपवर पुन्हा पुन्हा नवा कार्यक्रम भरला जाई. बाहेरचं चित्रीकरण मात्र १६ मिलिमीटर फिल्मवर व्हायचं, आणि फिल्म पुसून परत वापरता येत नाही. म्हणून त्या काळातले बातम्यांचे तुकडे राहतात आणि अख्खे कार्यक्रम जातात.

शोधायचं तर प्रसार भारती आर्काइव्हज् आणि डीडी सह्याद्री यांच्या यूट्यूब वाहिन्यांवर कार्यक्रमाच्या नावाने शोधू नका, कलावंताच्या किंवा पाहुण्याच्या नावाने शोधा, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही लिपी-स्पेलिंगनी. जुन्या हॉकीसाठी फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रं धुंडाळा. ती ३५ मिलिमीटरवर आहेत आणि त्यांत चेंडू दिसतो. घरात कुणाकडे १६ मिलिमीटरचा डबा असेल आणि उघडताच आंबट, व्हिनेगरसारखा वास आला, तर फिल्म कुजू लागली आहे. प्रोजेक्टरवर अजिबात चढवू नका. डबा इतर फिल्मपासून दूर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारा.

प्रश्न: सरकत्या दारांचा, लाकडी कपाटातला कृष्णधवल संच आजोबांच्या घरी आहे. त्यावर जुनी टेप लावून दाखवायची आहे. थेट सुरू करू का? अँटेना लावला तर काही दिसेल का? (मिरज)

अँटेनाला आता काही लागणार नाही. दूरदर्शनचे जमिनीवरचे अॅनालॉग प्रक्षेपक २०२२पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले. गच्चीवरचा जुना अँटेना शिल्लक असेल तर मोडीत देण्याआधी त्याची दांडी मोजा: सव्वादोन मीटरच्या आसपास भरली तर तुमच्याकडे बँड एकवरचं चॅनल ४ येत होतं. ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास भरली तर बँड तीन. कुठल्या प्रक्षेपकाकडे तोंड होतं हे त्यावरून आणि दिशेवरून कळतं.

संच थेट सुरू करू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या संचातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. ते एकदम पूर्ण दाब मिळाला की फुटतात. मागचं झाकण काढण्याआधी प्लग काढा, आणि काढल्यावरही पिक्चर ट्यूबच्या माथ्यावरच्या रबरी टोपीजवळ बोट नेऊ नका. तिथे चालू असताना हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतात. बऱ्याच जुन्या संचांचं चेसिस थेट विजेच्या एका तारेला जोडलेलं असतं, त्यामुळे मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संचाला विजेच्या तारांपासून वेगळं ठेवणारा) असल्याशिवाय त्याला व्हीसीआर जोडू नका. हे काम काचेच्या नळीचे टीव्ही दुरुस्त केलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. पहिल्यांदा वीज देताना तो संचाशी सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून होऊन संचात जाईल असा, १०० वॉटचा साधा बल्ब लावील. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

जोडणीची अडचण अशी, की या संचांना फक्त व्हीएचएफ येतं, चॅनल २ ते १२, आणि अनेक व्हीसीआर यूएचएफवर चित्र पाठवतात. व्हीसीआरच्या मागचा शिक्का वाचा. यूएचएफ असेल तर व्हीसीआरचं चित्र चॅनलमध्ये बदलणारं, केबलवाले वापरत ते व्हीएचएफ मॉड्युलेटर घ्या, चॅनल ३ किंवा ४चा, आणि व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या जोडण्या त्यात घाला. त्यातून येणारी वायर ७५ ओहमची गोल, संचाला हवी ३०० ओहमची चपटी दुहेरी तार. मध्ये बलून नावाचा बोटाएवढा तुकडा लावावा लागतो, नाहीतर चित्राला भुतासारखी दुसरी सावली पडते. चित्र वर-वर पळत राहिलं तर संचाच्या मागची व्ही-होल्ड नावाची बारीक कळ हळूच फिरवा, थांबेल. आणि संच चालू असताना कॅसेटांचा ढीग त्याच्या डोक्यावर ठेवू नका. शेजारच्या टेबलावर ठेवा, स्पीकरच्या बाजूला नाही.